त्र्यंबकभाऊजींचा जोड

झालं गेलं विसरून जाणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत. लोक त्यांना मोठ्या मनाची म्हणतात. मला ती आळशी वाटतात. राग सांभाळणं हे कष्टाचं काम आहे. तो रोज काढावा लागतो, पुसावा लागतो, परत जागेवर ठेवावा लागतो. माझे थोरले दीर त्र्यंबकभाऊजी या बाबतीत फार कष्टाळू होते. परवा आमच्या झाशीच्या मराठी मंडळात त्यांच्या आठवणीत चार शब्द बोलले गेले. कोणी तरी म्हणालं, "शांत स्वभावाचे होते, कधी कुणाशी वैर धरलं नाही." मी तिथून उठले आणि घरी येऊन हे लिहायला बसले. वैर धरलं नाही म्हणे! माणसाने निम्मं आयुष्य खर्चून एक वैर निगुतीने निभावलं आणि या लोकांनी ते चहाबिस्किटाच्या आधी पुसून टाकलं.

मी कराडची. लग्न होऊन झाशीच्या नगरा भागातल्या या घरात आले, तेव्हा भाऊजी कामावरून नुकतेच आले होते. हाताला कोपरापर्यंत पांढरी पावडर, भुवयांवर पण थोडी. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "साडेसहाशे." मला वाटलं, साडीची किंमत सांगताहेत. रागच आला, कारण साडी चांगली होती. मग मधुकरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, खोलीत आल्यावर समजावलं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम साडेसहाशे अंशांच्या वर वितळतं. दादा माणूस पाहिला की त्याला वितळायचं तापमान देतो. तू सहजी वितळायची नाहीस असं म्हणतोय तो. "आणि तुम्हाला किती दिलंय?" मी विचारलं. "चारशे," मधुकर म्हणाले. त्यांना त्यात काही वाटल्याचं दिसलं नाही. रेल्वेत कारकुनी करणाऱ्या माणसाला चारशे पुरत असावं.

भाऊजींचं दुकान सदर बाजारात होतं. गाड्यांचे रेडिएटर आणि एसीच्या कॉइल फुटल्या की ते जोडून देत. या जोडण्याला बाहेर ब्रेझिंग म्हणतात. आमच्या घरात भुसावळहून आलेल्या सासऱ्यांचा शब्द होता, झाळणं. माझे सासरे रेल्वेच्या कारखान्यात बॉयलरवर होते आणि घरात त्यांचेच शब्द चालत. त्यांची मुलं हिंदीत भांडत, पण रॉड आणि आच आली की मराठीत येत. बाजारात मात्र 'त्र्यंबक' कुणाच्या जिभेवर बसत नसे. तिरंबक, तिरमक असं करत करत शेवटी सगळे त्यांना 'पंडज्जी', म्हणजे पंडितजी, म्हणू लागले. मी जवळच्याच शाळेत शिकवत असे, त्यामुळे दुपारचा डबा स्कूटरवरून मी देत असे. त्यांच्याबद्दल मला जे कळलं ते बरंचसं त्या डब्याच्या वेळी.

झाळणं म्हणजे काय ते त्यांनी मला एका रविवारी अंगणात शिकवलं. माझ्या अ‍ॅल्युमिनियमच्या कढईचा कान निघाला होता. मी म्हटलं, नवी आणू. त्यांना ते अपमानासारखं वाटलं. त्यांनी कढई विटांवर ठेवली, दुकानातून दोन तऱ्हेच्या रॉड आणल्या आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. "ही वरची. पाचशे ऐंशीच्या आसपास पाणी होते. ही खालची. चारशेच्या थोडी पुढे पाणी होते. आता तुझी कढई ओतीव आहे. तिच्यात भेसळ आहे, ती शुद्ध धातूच्या बरीच आधी बसते. वरची रॉड घेतली तर रॉड आणि कढई एकदमच पाणी होतील. मग जोड कशाला कशाचा?" त्यांनी खालची रॉड घेतली. "जोडायचं ते आणि जोडणारं ते यांच्यात अंतर पाहिजे. अंतर संपलं की जोड नाही, नुसता चिखल."

मग त्यांनी ज्योत लावली. मी कढई लाल व्हायची वाट पाहत होते. "ती लाल होणार नाही," ते म्हणाले. "तांबं सांगतं. लाल होतं, माणूस सावध होतो. हे काही सांगत नाही. आहे तसं पांढरं दिसत राहतं आणि एका क्षणी बसकण मारतं. कढईकडे बघू नकोस. पावडरकडे बघ." जोडावर त्यांनी पांढरी पावडर कालवून लावली होती. ती आधी फुगली, मग कोरडी झाली, आणि मग एकाएकी पाण्यासारखी निवळली. त्याच क्षणी त्यांनी रॉड टेकवली. चांदीसारखा एक ओघळ कानाच्या खाली सरकला आणि फटीत शिरला. ती कढई अजून माझ्याकडे आहे. कान अजून पक्का आहे.

मी त्यांना विचारलं, "आणि तुम्ही किती अंशांचे, भाऊजी?" ते हसले. "मी अ‍ॅल्युमिनियम आहे. बाहेरून कळत नाही."

दुकानात एक लाकडी स्टूल होतं. रस्त्याकडे तोंड करून ठेवलेलं, रोज पुसलेलं. त्यावर कुणाला बसू देत नसत. एकदा डबा घेऊन गेले तेव्हा पाय दुखत होते म्हणून मी सहज टेकले. भाऊजी नुसते उभे राहिले, मी उठेपर्यंत. घरी आल्यावर मी मधुकरांना त्या स्टुलाचं विचारलं. चारशेचा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी आधी दार लावून घेतलं आणि मग सगळं सांगितलं.

माझ्या लग्नाआधीची गोष्ट. तेव्हा भाऊजींचं दुकान भागीत होतं. भागीदाराचं नाव बृजकिशोर, बाजारात सगळे बिरजू म्हणत. दोघं एकाच शाळेत शिकले होते, एकाच उस्तादाकडे ज्योत धरायला शिकले होते. सासरे निवृत्त झाल्यावर रोज दुपारी येऊन त्या स्टुलावर बसायचे आणि मुलाचं काम पाहायचे. बोलायचे काही नाहीत. जोड चांगला बसला की एक हुंकार द्यायचे. भाऊजी त्या हुंकारासाठी काम करायचे, असं मधुकर म्हणाले.

एके दिवशी बबिन्याच्या लष्करी छावणीतून एका सुभेदाराची गाडी आली. रेडिएटरची नळी फुटली होती. भाऊजींनी नळी पाहिली आणि बिरजूला म्हणाले, हा साधा धातू नाही, नळीला खालची रॉड लाव. मग ते दुसऱ्या कामासाठी स्टेशनकडे गेले. बिरजूला घाई होती. गाडी संध्याकाळपर्यंत बबिन्याला पोचायची होती. हाताशी वरची रॉड होती. सगळं अ‍ॅल्युमिनियम सारखंच, म्हणाला, आणि लावली. बाहेरून जोड आरशासारखा झाला. आतून नळीची भिंत अर्धी वितळून कागदाइतकी पातळ झाली होती. ते बाहेरून दिसत नाही.

गाडी रस्त्यात तापली. सुभेदाराची बायको झाकण पाहायला वाकली आणि नळी फुटली. उकळतं पाणी तिच्या हातांवर आलं.

दुसऱ्या दिवशी सुभेदार दुकानात आला. बरोबर बायको, दोन्ही हातांना पट्ट्या. भर दुपार होती, सगळा बाजार जमला. तो ओरडला, किसने जोड़ा था? भाऊजी बिरजूकडे पाहत होते. बिरजूने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. म्हणाला, "जोड़ तो पंडज्जी का है."

भाऊजी माझ्याशी नंतर एकदाच याबद्दल बोलले. ते म्हणाले, "मी त्याला खोटं पाडलं नाही, कारण मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. मी बाबांकडे बघत होतो. मला वाटलं, ते जोड बघतील आणि सांगतील, हा माझ्या मुलाचा हात नाही." सासऱ्यांनी ती फुटकी नळी हातात घेतली, उलटीपालटी केली. बॉयलरचा माणूस, अ‍ॅल्युमिनियमचं त्यांना तेवढं ठाऊक नव्हतं. ते स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "त्र्यंबक, हात जोड. माफी माग."

भाऊजींनी भर बाजारात त्या बाईसमोर हात जोडले.

त्या रात्री त्यांनी वडिलांना खरं सांगितलं. सासरे म्हणाले, "चूक झाली ती झाली. दोस्तावर ढकलू नकोस." त्यानंतर ते दुकानात परत कधी आले नाहीत. पुढच्याच थंडीत गेले. जाताना त्यांच्या मनात त्यांचा मुलगा असा होता: ज्याने कच्चा जोड दिला, एका बाईचे हात भाजले आणि मित्रावर ढकललं. हे ऐकल्यावर मी पदर खोचून उभी राहिले. मधुकर म्हणाले, "कुठे?" मी म्हटलं, "सदरला, त्या बिरजूकडे." त्यांनी मला बसवलं. "दादाचं दादा बघतोय," ते म्हणाले. "तुझ्यापेक्षा बरं बघतोय."

आणि खरंच. भागी मोडताना भाऊजींनी दुकानातून एक वस्तू उचलली, ते स्टूल. मग रस्त्याच्या पलीकडे, बिरजूच्या बरोब्बर समोर, गाळा घेतला. लोक म्हणाले, पंडज्जी, सीपरी बाजारात जा, तिथे एसीचं काम जास्त. ते म्हणाले, "नाही. त्याला रोज दिसलं पाहिजे." स्टूल त्यांनी बिरजूच्या दाराकडे तोंड करून मांडलं. बिरजू सकाळी शटर वर करायचा आणि समोर रिकामं स्टूल. मला ही कल्पना फार आवडली होती. आजही आवडते.

पण ती नुसती सुरुवात होती.

लग्नानंतर एका संध्याकाळी भाऊजी घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "सुनंदा, आज शिरा कर." कशाबद्दल ते सांगितलं नाही. शिरा खाताना हळूहळू सगळं बाहेर आलं. एक एसीची कॉइल कधी तरी भाऊजींनी जोडून दिली होती. पुढे ती दुसऱ्या जागी फुटली आणि मालक ती बिरजूकडे घेऊन गेला. बिरजूने भाऊजींच्या जुन्या जोडाशेजारी ज्योत लावली, आपल्या नेहमीच्या वरच्या रॉडसाठी. त्याची रॉड वितळायच्या आधीच भाऊजींचा जोड पाणी होऊन त्याच्या बुटावर सांडला. कारण तो जोड खालच्या रॉडचा होता. सगळी कॉइल मोकळी झाली, गिऱ्हाइकासमोर.

मी चमचा खाली ठेवला. "तुम्ही मुद्दाम?"

"कॉइल चालताना जेमतेम हात पोळेल इतकी तापते," ते म्हणाले. "ती चारशेला कधीच जाणार नाही. मालकाला जन्मभर काही होणार नाही. ज्योत लावणाऱ्यालाच होईल. आणि त्यालाही व्हायचं कारण नाही. मी मालकाला सांगून ठेवलं होतं, पुढे कुणी आच लावली तर म्हणावं, पंडज्जी से पूछ लेना. मालकाने त्याला तसं सांगितलंही. त्याने विचारलं नाही." त्यांनी वाटी पुढे केली. "विचारलं की सुटला. अजून थोडा वाढ."

आता हे काही संतांचं वागणं नव्हतं, मला मान्य आहे. पण ते समजून घ्या. या कामात विचारण्यात कमीपणा नाही. झाशीतले बाकीचे कारागीर भाऊजींना येऊन विचारत, फोन करत, पुढे फोटो पाठवत: पंडज्जी, यह कौन सी रॉड है? भाऊजी प्रत्येकाला सांगत. कुणाकुणाला चहा पाजून सांगत. फक्त बिरजू विचारू शकत नव्हता. कारण त्या जुन्या नळीच्या वेळी भाऊजींनी न विचारता सांगितलेली रॉड त्याने लावली असती तर काहीच घडलं नसतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आता विचारलं असतं तर भाऊजी एकच उत्तर देणार होते: सांगतो, पण आधी तू बोल. इथे, रस्त्यात, सगळ्यांसमोर. जोड माझा होता, एवढं एकच वाक्य.

त्यानंतर आमच्याकडे अधूनमधून शिरा होऊ लागला. बिरजूने केलेली कामं गळायला लागली. त्याचा जोड धरेना. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून भाऊजींकडे येऊ लागली. दर वेळी भाऊजी काम नीट करून द्यायचे आणि शेवटी तेच सांगायचे: पुढे कुठे आच लावायची वेळ आली तर मला विचारायला सांगा. मी समजायची, आणखी एक सापळा लावला. मला सांगायला लाज वाटत नाही, मी रवा जास्तच आणून ठेवायची. मधुकर शिरा खायचे नाहीत. "पुरे झालं आता," ते म्हणायचे. "माणूस म्हातारा होत चाललाय." मी म्हणायची, "मामंजी पण म्हातारे होते."

मी बिरजूला पहिल्यांदा जवळून पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी. डबा द्यायला गेले होते. तो रस्ता ओलांडून आला, पायरीच्या खाली उभा राहिला. माणूस देखणा असावा एके काळी.

"काय पंडज्जी," तो म्हणाला, "कब तक चलेगा?"

भाऊजी डब्याचं झाकण काढत होते. "तू बता."

"बता दो कौन सा जोड़ कच्चा है. आधा शहर तुम्हारे जोड़ों से भरा पड़ा है. हम आँच लगाएँ तो कहाँ लगाएँ?"

"बता दूँगा. तू भी बोल दे. यहीं खड़े होकर."

बिरजूने मागे वळून बाजाराकडे पाहिलं. मग स्टुलाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पिताजी तो अब रहे नहीं. किसको सुनाना है?"

भाऊजींनी पहिल्यांदा मान वर केली. आवाज अजिबात चढला नव्हता. "इसीलिए जोर से बोलना पड़ेगा," ते म्हणाले.

बिरजू रस्ता ओलांडून परत गेला. भाऊजी जेवायला बसले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मीठ बरोबर होतं.

गेल्या वर्षी भाऊजींच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या बायका अशा वेळी माणसाला म्हणतात, आता सगळ्यांना माफ करून टाका, मन हलकं होईल. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्याची सून तसं म्हणत होती. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि बिरजूच्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं. कुठले जोड खालच्या रॉडचे आहेत ते. मी ऐकून थक्क झाले. मग पोट दुखेपर्यंत हसले. नर्स येऊन बघून गेली.

"तो बोलला की सांग," भाऊजी म्हणाले. "बोलला नाही तर तोंड उघडायचं नाही."

"आणि बोलायच्या आधीच गेला तर?"

"तर शिरा करू नकोस."

त्यानंतर काही दिवसांतच ते गेले. लाल झाले नाहीत, काही सांगितलं नाही. संध्याकाळी मधुकरांशी क्रिकेटबद्दल बोलत होते.

तेराव्याच्या आतच बिरजू घरी आला. पांढरा कुडता, डोक्याला रुमाल. मधुकरांनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. मधुकरांकडून दुसरं काय होणार. तो भाऊजींच्या फोटोसमोर बसला, हात जोडले, आणि मधुकर चहाचं सांगायला उठले तेव्हा माझ्या बाजूला सरकून अगदी हळू म्हणाला, "भाभीजी, वह जोड़ हमारा था."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं माझ्या कानात, चोरासारखं आलं. माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "मेरे कान में नहीं, भैया. सदर में."

"अब कौन सुनेगा वहाँ? सब पुराने लोग चले गए."

"मैं सुनूँगी."

मग त्याने खरं कारण काढलं. एका लग्नाच्या हॉलच्या सगळ्या एसींचं काम त्याने घेतलं होतं. लगीनसराई तोंडावर. निम्म्या कॉइलींवर भाऊजींचे जुने जोड. तो विचारत होता, पंडज्जींनी मला काही सांगून ठेवलंय का? मी सांगितलं, ठेवलंय. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आशा म्हणेन. मी त्याला चहा पाजला आणि पुन्हा म्हटलं, "सदर में. दोपहर को." मधुकर तो गेल्यावर मला म्हणाले, "तू दादापेक्षा वाईट आहेस." मी म्हटलं, "साडेसहाशे. तुमच्याच दादाने दिलंय."

तो आला. बुधवार होता, शाळेला सुट्टी टाकून मी दुकान उघडलं. शटर वर गेलं आणि स्टूल रस्त्याकडे तोंड करून होतं तसंच होतं. मी ते पुसलं. बाजार आता बदललाय. एका बाजूला मोबाइलची कव्हरं, दुसऱ्या बाजूला मोमोचा गाडा, मधून ई-रिक्षा. बिरजू रस्त्याच्या मधोमध येऊन स्टुलासमोर उभा राहिला. त्याने घसा साफ केला.

"उस दिन," तो म्हणाला, "जो नली फटी थी. वह जोड़ हमारा था."

मोमोवाल्याने एकदा पाहिलं आणि झाकण ठेवलं. एक रिक्षावाला हॉर्न वाजवून वळसा घालून गेला. कुणालाच काही कळलं नाही. मला थोडं वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

"जोर से," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्टुलाकडे पाहिलं, आणि या वेळी त्याच्या तोंडून त्याची घरची बुंदेली आली, जी तो दुकानात कधी बोलत नसे. "बाबूजी!" तो ओरडला. बाबूजी तो सासऱ्यांना म्हणायचा, हे मला तेव्हा कळलं. "बौ जोड़ हमाओ हतो! पंडज्जी को नईं हतो! हमाओ हतो!" आता मात्र लोक थांबले. कव्हरवाल्या दुकानातली मुलगी बाहेर आली. समोरचे म्हातारे चष्मेवाले, जे त्या दिवशीही तिथे होते, ते आपल्या काउंटरमागून हळूच उभे राहिले.

मला वाटतं, एक हुंकार यायला जागा होती तिथे. मी थोडा वेळ ती जागा तशीच ठेवली.

मग बिरजू पायरीपाशी आला. धाप लागली होती. "अब बताओ, भाभीजी. कौन कौन से कच्चे हैं?"

"एक था," मी म्हटलं. "पहला. जो आपके जूते पर गिरा. बस."

त्याने आपल्या बुटाकडे पाहिलं.

"बाकी सब ऊपर वाली रॉड के हैं," मी सांगितलं. "वही, जो आप लगाते हैं. उन्होंने फिर कभी नीचे वाली नहीं लगाई. जरूरत ही नहीं पड़ी."

"तो फिर इतने साल..." तो म्हणाला. "हमारे जोड़ क्यों नहीं पकड़े?"

"आप डर के मारे आँच कम रखते थे. रॉड पूरी गलती ही नहीं थी."

भाऊजींनी दवाखान्यात मला हेच सांगितलं होतं. एकच सापळा लावला होता. पुढचे सगळे बिरजूने स्वतः लावले. दर वेळी त्याला वाटायचं, शेजारचा जोड आता सांडेल, म्हणून तो ज्योत लांब धरायचा, पावडर निवळायच्या आत रॉड टेकवायचा, आणि त्याचा जोड नुसता वरवर चिकटून राहायचा. त्याला फक्त येऊन विचारायचं होतं. भाऊजींनी प्रत्येक गिऱ्हाइकामार्फत त्याला तसा निरोपही धाडला होता. त्या निरोपानेच त्याचा हात बिघडवला होता.

बिरजूने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग त्याने बसायला आधार शोधला. त्याचा हात स्टुलावर गेला.

"उस पर नहीं," मी म्हटलं.

तो पायरीवर बसला. मी त्याला पाणी दिलं, शटर खाली ओढलं आणि घरी येऊन शिरा केला, बदाम घालून, सासऱ्यांच्या आणि भाऊजींच्या फोटोपुढे एकेक वाटी ठेवून. मधुकर कामावरून आले. त्यांनी ताट पुढे ओढलं, पहिला घास घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "अजून थोडा वाढ."